वॅटचें माप : घरगुती ध्वनियंत्राच्या शक्तीचा इतिहास

जो जिन्नस मापून विकला जातो, त्याच्या व्यवहारांत जिनसाइतकेंच मापालाहि महत्त्व असतें. धान्य चांगलें असलें पण पायली खोटी असली, तर ग्राहक नागवला जातो. आणि पायली खरी असली तरी घरांत माणसें किती याचा विचार न करतां वर्षानुवर्षें पुरेल इतकें धान्य भरून ठेवणाराहि शहाणा ठरत नाहीं. आज शहरांतील अनेक सुशिक्षित कुटुंबांत दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्याबरोबर चित्रपटगृहाचा आवाज घरीं आणणारें एक यंत्र घेतलें जातें. त्याला रिसीव्हर म्हणतात. त्याच्या खोक्यावर शंभर वॅट, दीडशें वॅट असे आंकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, आणि दुकानांत उभा राहिलेला गृहस्थ स्वाभाविकपणेंच मोठ्या आंकड्याकडे ओढला जातो. हा आंकडा कोठून आला, त्याचें माप कोणी ठरविलें, तें खोटें कसें झालें व पुन्हां खरें कसें करण्यांत आलें, आणि एका बेताच्या दिवाणखान्याला त्याची खरोखर गरज किती, हा इतिहास उद्बोधक आहे.

वॅट हें नांव ज्या जेम्स वॅटचें, त्याचीच गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वॅट व त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हे वाफेचीं एंजिनें विकूं लागले, तेव्हां गिऱ्हाइकाला कळणारें शक्तीचें माप म्हणजे घोडा. गिरणी फिरविणाऱ्या घोड्याच्या कामावरून वॅटनें हिशेब केला आणि दर मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ति, असें प्रमाण बांधलें. साधारण घोडा दिवसभर या वेगानें काम करूं शकत नाहीं. अर्थात् दहा अश्वशक्तीचें एंजिन घेणाऱ्यास दहा घोड्यांहून अधिकच काम मिळे. माप शिगोशीग भरलेलें होतें. पुढें १८८२ सालीं विल्यम सीमेन्स यांनीं ब्रिटिश असोसिएशनपुढें सूचना केली आणि शक्तीच्या एका नव्या एककाला वॅटचें नांव मिळालें. एका अश्वशक्तीचे सुमारे ७४६ वॅट होतात. ज्याच्या नांवाचें माप ग्राहकाच्या बाजूनें झुकतें होतें, त्याच्याच नांवावर शंभर वर्षांच्या आंत ग्राहकाची फसवणूक व्हावी, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

रिसीव्हर हा शब्द रेडिओच्या काळांतला आहे. आकाशांतून येणाऱ्या लहरी जो ग्रहण करतो, तो रिसीव्हर. पूर्वीं हौशी लोक रेडिओचा भाग वेगळा घेत, ध्वनिवर्धक वेगळा घेत आणि दोन्ही तारांनीं जोडीत. १९५४ च्या सुमारास अमेरिकेंतील हार्मन-कार्डन या कंपनीनें हीं दोन्ही कामें एका पेटींत बसविलीं, आणि पुढें अशा जोडयंत्रालाच रिसीव्हर म्हणण्याची रूढि पडली. आजचा रिसीव्हर रेडिओ लावतो, दूरचित्रवाणी किंवा तबकडी यांपैकीं हवें तें निवडतो, चित्रपटाच्या ध्वनीचे वेगवेगळे प्रवाह उलगडतो आणि शेवटीं ते प्रवाह मोठे करून पांच, सात किंवा अधिक स्पीकरांकडे पाठवितो. खोक्यावरचा वॅटचा आंकडा या शेवटच्या कामापुरता, म्हणजे ध्वनिवर्धनापुरताच असतो. परंतु सर्व यंत्राची किंमत जणूं त्यावरच ठरते, अशी ग्राहकाची समजूत झालेली असते.

ध्वनिवर्धनाची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभीं जन्मली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं ऑडियन नांवाची कांचेची नलिका तयार केली. तिच्या सुधारलेल्या रूपास लोक व्हॉल्व्ह म्हणूं लागले. क्षीण विद्युत्प्रवाहाच्या हुकमतीखालीं मोठा प्रवाह चालविणें, हें तिचें काम. १९ सप्टेंबर १९१९ रोजीं सॅन दिएगो येथील उघड्या क्रीडांगणांत अध्यक्ष वुड्रो विल्सन बोलले, तेव्हां मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या कर्ण्यांमुळें हजारों श्रोत्यांपर्यंत त्यांचा शब्द पोंचला. परंतु व्याख्यानाचा शब्द कळणें निराळें आणि संगीताचा गोडवा घरांत उतरणें निराळें. ती सोय १९२५ सालीं झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं चुंबकाच्या फटींत हलणारें तारेचें वेटोळें आणि त्याला जोडलेला कागदी शंकु, अशा रचनेच्या स्पीकरावर आपला निबंध प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक सर्व स्पीकरांचा हा मूळपुरुष होय. त्यावर आधारलेलें जें यंत्र लवकरच बाजारांत आलें, त्यांतील ध्वनिवर्धकाची शक्ति सुमारें एक वॅट होती. आज शंभर वॅट अपुरे वाटणाऱ्या दिवाणखान्याच्या पणजोबांनीं हा एक वॅट नवलाईनें ऐकला.

त्याच सुमारास बोलपटांचा उदय झाला. नाट्यगृहांत शेंकडों माणसांना ऐकूं जाईल असा आवाज हवा होता, पण व्हॉल्व्हपासून मिळणारी शक्ति महाग व तुटपुंजी होती. तेव्हां बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील एडवर्ड वेंटे व अल्बर्ट थुरास यांनीं कर्ण्याच्या मागें बसविण्याचा असा ध्वनियोजक तयार केला, कीं दिलेल्या वीजशक्तीचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक भाग ध्वनिरूपानें बाहेर पडावा. त्याचें वर्णन १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. घरगुती स्पीकर शेंकडा एक भाग शक्ति जेमतेम ध्वनींत उतरवितो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कर्ण्याची थोरवी कळते. थोड्याशा वॅटांत मोठालीं नाट्यगृहें दुमदुमत, त्याचें श्रेय ध्वनिवर्धकाच्या बळापेक्षां कर्ण्याच्या काटकसरीला अधिक होतें. शक्तीचा प्रश्न ध्वनिवर्धकाजवळ सुरू होत असला तरी त्याचें उत्तर स्पीकरापाशीं असतें, हा धडा त्या काळीं एकदां शिकला गेला होता.

दुसरा धडा कानाचा. जर्मनींतील लाइप्झिग येथील अर्न्स्ट वेबर व गुस्टाव फेक्नर या विद्वानांनीं मनुष्याच्या संवेदनांचें मोजमाप करण्याचा प्रयत्न केला, आणि १८६० सालीं फेक्नर यांनीं आपला सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडला. त्याचा आशय असा कीं, संवेदना बाह्य कारणाच्या बेरजेनें वाढत नाहीं, गुणाकारानें वाढते. अंधाऱ्या खोलींत एका दिव्याशेजारीं दुसरा दिवा लावला, तर फरक डोळ्यांत भरतो. शंभर दिव्यांच्या मंडपांत एकशें एकावा दिवा लावला, तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. कानाचीहि रीत तशीच. म्हणून बेल प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं ध्वनि मोजण्यासाठीं गुणोत्तराचें माप पत्करलें, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून १९२८ च्या सुमारास त्याला डेसिबल हें नांव मिळालें. शक्ति दुप्पट झाली कीं ३ डेसिबल वाढतात. दसपट झाली कीं १०. एका डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच जाणवतो. हार्वर्ड विद्यापीठांतील एस. एस. स्टीव्हन्स यांनीं १९३६ सालीं आवाजाच्या मोठेपणाची मोजपट्टी सुचविली, आणि पुढील प्रयोगांतून असें स्थिर झालें कीं, सामान्य श्रोत्याला आवाज दुप्पट वाटावा यासाठीं शक्ति सुमारें दसपट करावी लागते.

या दोन वाक्यांत दुकानांतील पुष्कळशा मोहाचें औषध आहे. ८० वॅटांचें यंत्र सोडून १०० वॅटांचें घेतलें, तर जास्तींत जास्त आवाजांत फरक पडतो एका डेसिबलचा. पन्नासांचे शंभर केले तर ३ डेसिबलचा. आणि पन्नास वॅटांच्या यंत्रापेक्षां दुप्पट मोठा वाटणारा आवाज हवा असेल, तर शंभर वॅट पुरत नाहींत, पांचशें लागतात.

तिसरा धडा वाद्यांनीं दिला. १९३१ सालीं बेल प्रयोगशाळेंतील सिव्हियन, डन व व्हाइट यांनीं वाद्यांतून व वाद्यवृंदांतून बाहेर पडणारी ध्वनिशक्ति मोजली. पंचाहत्तर वादकांचा मोठा वृंद अगदीं कळसाला पोंचला, तर त्या क्षणापुरती सत्तर वॅटांच्या आसपास ध्वनिशक्ति बाहेर पडते. मोठ्या ढोलाच्या एका ठोक्याला पंचवीस वॅट. पियानोचा कळस अर्ध्या वॅटाच्या आंतच. आणि बासरीचा तर वॅटाचा सोळावा-सतरावा भाग. हे ध्वनीचे वॅट आहेत, विजेचे नव्हेत, हें मात्र विसरतां कामा नये. साधारण घरगुती स्पीकराला शंभर वॅट वीज दिली, तर त्यांतून अर्धा वॅटहि ध्वनि निघत नाहीं; उरलेली सर्व शक्ति उष्णता होऊन जाते. पण दिवाणखान्यांत वाजणारा खरा पियानोहि कळसाला तेवढाच ध्वनि देतो आणि घर भरून टाकतो, हेंहि तितकेंच खरें.

२७ एप्रिल १९३३ रोजीं याच प्रयोगशाळेनें एक अपूर्व प्रयोग केला. फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध वाद्यवृंद अलेक्झांडर स्मॉलेन्स यांच्या नेतृत्वाखालीं फिलाडेल्फियांत वाजत होता, आणि त्याचा ध्वनि तीन स्वतंत्र तारांनीं वॉशिंग्टन येथील कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें आणून रंगमंचावरील डाव्या, मधल्या व उजव्या अशा तीन ठिकाणच्या स्पीकरांतून ऐकविण्यांत आला. त्या वृंदाचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हते. ते वॉशिंग्टनमध्यें ध्वनीच्या कळा हातीं घेऊन बसले होते. आज घरोघरच्या पडद्याखालीं डावा, मधला व उजवा असे जे तीन स्पीकर मांडतात, त्यांचा वंश या रात्रीपर्यंत जाऊन पोंचतो. पुढें १९४० सालीं डिस्नेच्या ‘फॅन्टेशिया’ या चित्रपटासाठीं ध्वनि सभागृहांत फिरविण्याची व्यवस्था झाली. तिचें संगीतहि स्टोकोव्स्की यांच्याच संचालनाखालचें होतें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर घरगुती ध्वनियंत्राचें युग सुरू झालें. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनीं एका ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. त्याची शक्ति १५ वॅट होती, पण विकृति हजारांत एक भागाहून कमी. जगभरच्या हौशी लोकांनीं आपापल्या घरीं तो बांधला. त्या पिढीच्या मनांत उत्तमपणाची कसोटी शुद्धतेची होती. पंधरा वॅट म्हणजे घरासाठीं भरपूर, असें ती मानीत असे. १९४६ सालीं अमेरिकेच्या आर्कान्सा संस्थानांतील होप या गांवीं पॉल क्लिप्श यांनीं आपला कारखाना काढला. खोलीच्या कोपऱ्यांत बसविलेला त्यांचा कर्णा त्या कोपऱ्याच्या दोन भिंतींचाच आपल्या तोंडासारखा उपयोग करून घेई, आणि एका वॅटांत एवढा आवाज देई कीं, सामान्य स्पीकराला त्यासाठीं चाळीस वॅट लागावेत. देशाला गरज आहे ती एका चांगल्या पांच वॅटांच्या ध्वनिवर्धकाची, असें क्लिप्श म्हणत असत, अशी आख्यायिका आहे.

मग पांच-पंधरा वॅटांचे शंभर कां झाले? याचें पहिलें कारण प्रामाणिक आहे. क्लिप्श यांचा कर्णा कपाटाएवढा होता, आणि शहरांतील घरें लहान होत होतीं. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं हेन्री क्लॉस यांच्या साह्यानें केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथें लहान, सर्व बाजूंनीं हवाबंद पेटीचा स्पीकर बाजारांत आणला. पेटींत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून त्यांनीं पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटींतून खोल खर्ज काढला. घरच्या मंडळींची अडचण मिटली; परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. क्लॉस यांचे पुढील काळांतील भागीदार जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नांवानें जो नियम ओळखला जातो, तो हाच : लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज, या तिहींपैकीं दोनच एका वेळीं पदरांत पडतात. लोकांनीं लहान पेटी व खर्ज निवडला आणि त्याची किंमत वॅटांनीं मोजली. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या सर्रास मिळूं लागल्या. स्पीकर एकाचे दोन झाले आणि मोठ्या कर्ण्यांना घरांत जागाच उरली नाहीं. तेवढ्यांत ट्रान्झिस्टर आला व वॅट स्वस्त झाले. ही वाढ गरजेपोटीं झालेली होती.

दुसरें कारण मात्र बाजाराचें होतें. वॅट स्वस्त झाले तसे ते जाहिरातीचें हत्यार बनले. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील विक्रेते जीं मापें वापरीत, त्यांचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. यंत्राची अखंड चालणारी खरी शक्ति प्रत्येक बाजूस २० वॅट आहे असें समजावें. लाटेच्या अगदीं शेंड्यावरची शक्ति सरासरीच्या दुप्पट असते. म्हणून ‘पीक’ असा शब्द लावून २० चे ४० करावयाचे. डावी व उजवी अशा दोन बाजू आहेत. त्यांची बेरीज करून ८०. मग ‘एक डेसिबल कमी-अधिक’ अशी बारीक अक्षरांत पुस्ती जोडली, कीं आणखी पंचवीस टक्के हातीं लागतात आणि आंकडा १०० होतो. कोणींहि उघड खोटें बोललेलें नाहीं, आणि तरी वीस वॅटांचें यंत्र शंभरांचें म्हणून विकलें गेलें! सगळ्याच विक्रेत्यांनीं एकच युक्ति वापरली असती, तरी ग्राहकाला तुलना करतां आली असती. पण प्रत्येकाची युक्ति निराळी, त्यामुळें खरें माप सांगणाऱ्या कारखानदाराचेंच नुकसान होऊं लागलें. ज्याची पायली खरी त्याचें दुकान ओस पडावें, अशी ही अवस्था होती.

अखेर सरकारला लक्ष घालावें लागलें. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ४ नोव्हेंबर १९७४ पासून अंमलांत आला. त्यानें विक्रेत्याला चार गोष्टी सांगणें भाग पाडलें. प्रत्येक प्रवाहाची अखंड सरासरी शक्ति किती; ती किती ओहम रोधाच्या स्पीकरावर मोजली; कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत ती टिकते; आणि तेवढ्या शक्तीला विकृति जास्तींत जास्त किती. शिवाय मोजण्यापूर्वीं यंत्र एक तासभर एकतृतीयांश शक्तीवर चालवावें, अशी अट होती. ही अट मोठी मार्मिक होती. कारण ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक पूर्ण शक्तीपेक्षां सुमारें एकतृतीयांश शक्तीवर चालतांना अधिक तापतो. ज्याचे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे तोकडे, त्याची लबाडी या तासाभरांतच उघडी पडे. कारखानदारांनीं पुष्कळ कुरकुर केली, पण एका रात्रींत आंकडे जमिनीवर आले आणि ‘वॅट’ या शब्दाला पुन्हां अर्थ प्राप्त झाला.

खरें माप मिळाल्यानें ग्राहकाची फसवणूक थांबली. हौस मात्र थांबली नाहीं. उलट आंकडे विश्वसनीय झाल्यामुळें चढाओढ अधिकच रंगली. १९७८ सालीं जपानच्या पायोनियर कंपनीनें आपला एसएक्स-१९८० हा रिसीव्हर आणला. त्याची शक्ति प्रत्येक बाजूस २७० वॅट आणि वजन सुमारें ३५ किलो होतें. हे वॅट खरे होते, पण ज्या घरांत तो गेला, तेथें त्यांतील किती रोज खर्चीं पडत, हा प्रश्न निराळा. भारतांत तर असें माप बांधण्यापूर्वींच बाजार भरला. १९९० नंतरच्या दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गांवापर्यंत कॅसेट वाजविणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांवर ‘पी.एम.पी.ओ.’ हीं चार अक्षरें आणि त्यांपुढें शेंकडों, पुढें पुढें हजारों वॅटांचे आंकडे झळकूं लागले. हा आंकडा कसा मोजावा याचा सर्वमान्य नियम कोठेंच नव्हता. हातांत उचलून नेतां येणारें यंत्र, भिंतींतील साध्या पिनेवर चालणारें, आणि त्याची शक्ति मात्र एखाद्या पिठाच्या गिरणीएवढी, ही विसंगति पाहून हंसूं यावें. पण पुष्कळांनीं त्या आंकड्याचेच पैसे मोजले.

चित्रपटाचा भोंवतीं घुमणारा ध्वनि घरांत आला, तेव्हां मापाचा प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानें डॉल्बी यांच्या चार प्रवाहांच्या पद्धतीला लोकप्रियता दिली. १९८२ पासून तिचें घरगुती रूप मिळूं लागलें, १९८७ च्या सुधारणेनें पडद्याच्या मधोमधचा संवादाचा प्रवाह वेगळा काढतां येऊं लागला, आणि १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बींची अंकीय पद्धति चित्रपटगृहांत आली. पांच पूर्ण प्रवाह आणि खर्जाचा एक अर्धा प्रवाह, अशी ही रचना. १९९६ च्या अखेरीस जपानमध्यें डीव्हीडी विक्रीस आली आणि हीच रचना घराघरांत पोंचली. २०१२ सालीं चित्रपटगृहांत व २०१४ सालीं घरांत आलेल्या अॅटमॉस पद्धतीनें छतावरहि स्पीकर चढविले. दोन प्रवाहांच्या काळांत केलेल्या नियमापुढें आतां पेंच पडला : सात किंवा नऊ प्रवाहांच्या यंत्राची शक्ति मोजतांना किती प्रवाह एकदम चालवावयाचे?

हा प्रश्न समजण्यास इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टांकीचा दाखला पुरेसा आहे. एका घरांतला नळ सोडला तर पाणी जोरानें येतें. सकाळीं सातही मजल्यांवरचे नळ एकदम सुटले म्हणजे धार बारीक होते. रिसीव्हरांतील सर्व प्रवाहांना वीज पुरविणारा ट्रान्स्फॉर्मर एकच असतो. दोन प्रवाह चालवून प्रत्येकीं शंभर वॅट देणारें यंत्र सातही प्रवाह पूर्ण जोरानें चालविल्यास प्रत्येकीं पुष्कळ कमी देतें. ‘शंभर वॅट, दोन प्रवाह चालू असतां’ असें स्पष्ट लिहिलेलें असेल तर त्यांत फसवणूक नाहीं. कारण सर्व दिशांनीं एकदम पूर्ण जोराचा आवाज चित्रपटांत क्वचितच येतो. परंतु शंभराला सातानें गुणून सातशें वॅटांचें यंत्र मिळालें असें मानणें, हा जुन्याच बेरजेचा नवा अवतार होय. एकाच यंत्राचा आंकडा दहा टक्के विकृतीपर्यंत, एकाच कंपनसंख्येवर, एकच प्रवाह चालवून आणि कमी रोधाच्या स्पीकरावर मोजला, तर तो किती तरी फुगतो, आणि असे आंकडेहि बारीक टीपेसह छापले जातात. फेडरल ट्रेड कमिशननें २००० सालीं तापविण्याची जुनी अट एकतृतीयांशावरून एकअष्टमांशावर आणून सौम्य केली; परंतु २०२४ सालच्या दुरुस्तीनें ८ ओहमचा रोध, २० पासून २०,००० पर्यंतच्या सर्व कंपनसंख्या आणि एक टक्क्याच्या आंतील विकृति, असें एकच माप सर्वांना लागू केलें. पन्नास वर्षांनींहि त्या नियमाची गरज संपली नव्हती, हेंच यावरून दिसतें.

आतां एका बेताच्या दिवाणखान्याचा हिशेब मांडतां येईल. बाजारांतील सामान्य स्पीकर एका वॅटांत एक मीटरवर सुमारें ८८ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरांवर, म्हणजे दहा फुटांवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत त्यांतील सुमारें ८० डेसिबल पोंचतात. अंतरानें होणारी घट भिंतींवरून परतणारा ध्वनि थोडी भरून काढतो. बातम्या किंवा संभाषण ऐकावयास ६५ डेसिबल पुरेत. त्याला वॅटाचा तिसावा भाग लागतो. याच्या उलट टोकाला चित्रपटगृहाचें प्रमाण आहे. तेथें एका प्रवाहाचा क्षणिक कळस १०५ डेसिबलपर्यंत जाईल अशी योजना असते. तो कळस घरांत हुबेहूब हवा असेल, तर वरील स्पीकराला तीनशेंहून अधिक वॅट द्यावे लागतील. आवाज त्याहून १० डेसिबल खालीं ठेवला तर ३२ वॅट पुरतात, आणि २० डेसिबल खालीं ठेवला तर अवघे तीन. भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. सामाईक भिंतींच्या इमारतींत चित्रपटगृहाचा कळस रोज कोण व किती वेळ ऐकूं शकेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

म्हणजे शक्तीला कांहींच महत्त्व नाहीं, असें नव्हे. संगीताचा किंवा चित्रपटाचा कळस सरासरीपेक्षां दहापासून शंभर पटींपर्यंत वर जातो, आणि त्या क्षणीं यंत्राजवळ शिल्लक नसेल तर लाटेचे शेंडे छाटले जातात. आवाज कर्कश होतो, आणि हा प्रकार फार वेळ चालला तर उंच स्वरांचा नाजूक स्पीकर जळूंहि शकतो. मोठा हॉल, कमी आवाज देणारे लहान स्पीकर किंवा ४ ओहमसारखा कमी रोध असेल तेथें बळकट यंत्रच घेतलें पाहिजे. परंतु हे तीनहि प्रश्न रिसीव्हरच्या खोक्यावर नसतात. ते स्पीकराच्या कागदावर आणि घराच्या मापांत असतात. ८८ ऐवजीं ९४ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर शक्ति चौपट केल्याचें फळ मिळतें. खर्जासाठीं स्वतःचा ध्वनिवर्धक असलेला वेगळा स्पीकर, ज्यास सबवूफर म्हणतात, तो जोडला आणि खर्ज तिकडे वळविला, तर रिसीव्हरवरचा सर्वांत जड भार हलका होतो. यासाठीं शहाणा गृहस्थ आधीं खोली पाहतो, मग स्पीकर ठरवितो, आणि रिसीव्हर शेवटीं घेतो. रिसीव्हर घेतांना १९७४ च्या नियमांतील चार प्रश्न आणि पांचवा प्रवाहसंख्येचा प्रश्न विचारतो : किती प्रवाह चालू असतां, किती ओहमवर, कोणत्या कंपनसंख्यांत, किती विकृतीला, किती वॅट? पांचहि उत्तरें छापलेलीं असतील, तर ऐंशी वॅटांचें यंत्र बिनधास्त घ्यावें. एकच आंकडा मोठ्या अक्षरांत आणि बाकीचीं उत्तरें गाळलेलीं असतील, तर हजार वॅटांपासूनहि दूर राहावें. वांचलेला पैसा चांगल्या स्पीकरांत घातला, तर तो रोज ऐकूं येतो.

जेम्स वॅटच्या गिऱ्हाइकांना खाणींतलें पाणी उपसावयाचें होतें किंवा गिरणी फिरवावयाची होती. किती घोडे लागतात हें त्यांना आपल्या कामावरून ठाऊक होतें, म्हणून अश्वशक्तीचें माप त्यांना उपयोगी पडलें. ध्वनियंत्राच्या ग्राहकाला आपलें काम किती हें ठाऊक नसतें, आणि त्या अज्ञानावरच फुगीर आंकड्यांचा व्यापार वाढला. कायद्यानें माप खरें करून दिलें आहे. आपल्या घराला किती माप लागतें, हें मात्र कोणताहि कायदा सांगूं शकत नाहीं. तो हिशेब घरच्यांनींच मांडावयाचा आहे.